नाजूक हस्ताक्षरी फॉन्ट पत्रिकेत, पाटीवर आणि फोनवर कसा बसवावा

माझ्या मामेबहिणीचं नाव पूर्वा. तिच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या, मामीने पहिला गठ्ठा सोडला, आणि वर सोनेरी फॉइलमध्ये ‘पूवा’ असं उमटलेलं. फाइलमध्ये रफार होता, प्रूफच्या कागदावरही होता. फॉइल दाबताना मात्र तो केसाएवढा आकडा कागदावर धरलाच नाही. चारशे पत्रिका होत्या. मामीने सोनेरी जेल पेन आणवलं आणि दोन रात्री बसून एकेका पत्रिकेवर हाताने रफार काढला. अक्षरं मी बसवली होती. फॉन्ट किती बारीक चालेल हे मी संगणकाच्या पडद्यावर, नाव वीतभर मोठं करून बघत ठरवलं होतं, आणि चूक तिथेच झाली होती.

त्यानंतर हाताने लिहिल्यासारख्या दिसणाऱ्या बारीक फॉन्टशी माझं नातं बदललं. आवड तशीच आहे. नाव असं वळणदार, हलक्या हाताने लिहिलेलं दिसलं की निमंत्रण कुणीतरी आपल्यालाच बोलावून दिल्यासारखं वाटतं, ते छापील ठाशीव अक्षरात वाटत नाही. पण हा फॉन्ट सांभाळून वापरावा लागतो. पत्रिका, घरगुती उद्योगाचं लेबल, दाराची पाटी, व्हॉट्सॲपवर फिरणारं आमंत्रण, यांतलं काहीही करायला घेतलं असेल तर पुढचा क्रम उपयोगी पडेल.

पायरी १: नाजूक म्हणजे नेमकं काय हवंय ते ठरवा

‘एखादा नाजूक फॉन्ट दे’ म्हणणाऱ्याच्या मनात सहसा इंग्रजी अक्षरांचं रूप असतं. बारीक रेघ वर जाते, खाली येताना जाड होते, पुढच्या अक्षराचा हात धरते. हे वळण टोकदार, लवचिक निबातून आलं. खाली ओढताना दाब दिला की निबाची दोन टोकं फाकतात आणि रेघ भरते; वर जाताना दाब काढला की केसाएवढी उरते. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुलेखनाचे कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत, म्हणून त्याला कॉपरप्लेट म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत प्लॅट रॉजर्स स्पेन्सर यांनी त्याच जातीचं आणखी हलकं वळण रुजवलं. आज सगळीकडे दिसणारे ग्रेट व्हाइब्स आणि अल्युरा हे फॉन्ट या घराण्यातले. सॅक्रामेंटो निराळा आहे. त्यात रेघ सगळीकडे जवळपास एकाच जाडीची, बॉलपेनने सावकाश लिहिल्यासारखी. डान्सिंग स्क्रिप्टची अक्षरं ओळीवर थोडी वरखाली उड्या मारतात आणि तो यांच्यापेक्षा अंगाने भरलेला आहे.

देवनागरीचं तसं नाही. आपली अक्षरं बोरूची. बोरूचं टोक चपटं आणि तिरकं कापलेलं असतं, त्यामुळे रेघेची जाडी हात कुठल्या दिशेला वळतो त्यावर ठरते, दाबावर नाही. शिवाय हा काप इंग्रजी चपट्या निबाच्या उलट बाजूला तिरका. म्हणून इंग्रजीत जिथे रेघ जाड येते तिथे देवनागरीत ती बारीक येऊ शकते. कॉपरप्लेटची जाड-बारीक रेघ उचलून ‘क’ किंवा ‘भ’वर चढवली की अक्षर परकं वाटतं ते यामुळे. डोळ्याला ते खुपतं, फक्त कारण सांगता येत नाही.

आणि झरझर, न थांबता लिहायचं वळण मराठीला नवं नाही. मोडी हे आपलं धावतं हस्ताक्षरच. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जाई. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही फारसा पाळत नसत. वेलांटी सहसा एकच. लिहिण्याचा वेग महत्त्वाचा होता. अच्युत पालव यांच्या सुलेखनात मोडीचा हा ओघ स्पष्ट दिसतो. मराठी शीर्षकाला नाजूक, वाहतं वळण हवं असेल तर त्यांची आणि र. कृ. जोशी यांची अक्षरं अर्धा तास नुसती बघत बसा. विंडोजमधला आपल्या सगळ्यांच्या सवयीचा मंगल फॉन्ट जोशींनीच घडवला. त्यांचं सुलेखन पाहिलं की देवनागरीची रेघ कुठे भरते आणि कुठे विरते हे डोळ्यात बसतं, आणि फॉन्ट निवडताना ती ओळख फार कामाला येते.

पायरी २: दोन-तीनच फॉन्ट निवडा

मोफत आणि युनिकोड (म्हणजे मजकूर कुठल्याही संगणकावर किंवा फोनवर मराठी म्हणूनच दिसावा यासाठीची सर्वमान्य पद्धत) असलेल्या देवनागरी फॉन्टमध्ये खरोखर नाजूक म्हणावेत असे थोडेच आहेत. माझ्या हाताशी असतात ते हे.

कलम. इंडियन टाइप फाउंड्रीचा. हातात पेन धरून लिहिल्यासारखा, उजवीकडे चांगलाच कललेला. लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशी तीन वजनं, म्हणजे रेघेच्या जाडीच्या पायऱ्या, आहेत. लाइट हे या यादीतलं सगळ्यात हलकं. बारशाचं आमंत्रण, आभारपत्र, कवितेच्या चार ओळी यांना तो शोभतो. लग्नपत्रिकेतल्या नावांना मला तो थोडा घरगुती वाटतो, पण घरगुती समारंभच असेल तर तोच बरोबर.

अमिता. याच्या देवनागरीचा पाया पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या अक्षरांचा आहे. रेघ जाड-बारीक होते, वळणात थोडा सणासुदीचा थाट आहे. रेग्युलर आणि बोल्ड अशी दोनच वजनं. पत्रिकेतल्या वधूवरांच्या नावांसाठी मी बहुतेक वेळा यापासून सुरुवात करते.

तिल्लाना. मोकळा, खेळकर, पाच वजनं. कलम लाइटइतका बारीक नाही, पण म्हणूनच छपाईत निभावतो. डोहाळजेवण, लहान मुलांचा वाढदिवस, लोणच्या-मसाल्याचं लेबल यांना छान.

डेक्को. एकाच वजनाचा, टिपणवहीतल्या अक्षरासारखा. शीर्षकापेक्षा छोट्या ओळींना बरा.

यादी इथेच थांबवा. शंभर फॉन्ट उतरवून घेतले की निवड सोपी होत नाही, अवघड होते. पैसे देऊन घेतलेल्या किंवा डीटीपीवाल्यांकडच्या संग्रहात आणखी सुंदर वळणं असतात, पण त्यातले बरेच जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले असतात. तसा मजकूर छपाईपुरता ठीक. तोच उचलून फोनवर किंवा संकेतस्थळावर चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. एकच मजकूर कागदावर आणि फोनवर दोन्हीकडे जाणार असेल तर युनिकोडच घ्या.

परवान्याचं इथेच सांगून टाकते. वरचे चारही फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. व्यावसायिक कामात वापरता येतात, फक्त फॉन्टची फाइलच एकटी विकता येत नाही. इतर ठिकाणहून उतरवलेल्या फॉन्टसोबत ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलेलं असेल तर तो मसाल्याच्या पाकिटावर चालत नाही. सोबतची मजकूर-फाइल उघडून वाचायला दोन मिनिटं लागतात.

पायरी ३: कसोटीची ओळ लावा

फॉन्टच्या पानावर दिसणारा नमुना बघून निर्णय घेऊ नका. तिथे सगळी सरळ अक्षरं असतात. तुमच्या मजकुरात येणारी अवघड अक्षरं एका ओळीत लिहून ठेवा आणि प्रत्येक फॉन्टमध्ये ती ओळ लावा. माझी ओळ अशी आहे:

॥ श्री ॥ चि. सौ. कां. ऋतुजा, विठ्ठल, ॲड., डॉ., वऱ्हाड, आचाऱ्यांना, आचार्यांना, ज्ञानेश्वर, शृंगार, द्वितीया, उद्घाटन, कमळ, दुपारी १२:५८

प्रत्येक शब्द काही कारणाने तिथे आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये ते नसतं आणि त्या जागी चौकोन किंवा भलत्याच फॉन्टचं अक्षर येऊन बसतं. आपल्या पत्रिकांत ॲड. आणि डॉ. दोन्ही भरपूर, म्हणून हे आधी बघायचं. ‘विठ्ठल’मधला ठ्ठ एकाखाली एक नीट बसतो की हलन्त लावून मोडतो? ‘शृ’ आणि ‘द्व’ ओळखू येतात का? दोन उभ्या दंडांचं ॥ बाकीच्या अक्षरांइतकंच हलकं आहे की एकदम जाडजूड?

सगळ्यात महत्त्वाचा तो अर्धा र. आचार्यांना बोलावणं वेगळं आणि आचाऱ्यांना वेगळं. हा फरक मराठीत एका छोट्या आडव्या आकड्यावर उभा आहे. फॉन्ट हिंदीसाठी घडवला असेल तर तो आकडा नसतो किंवा फार केविलवाणा असतो. वऱ्हाड, कुऱ्हाड, सुऱ्या, दऱ्या, तऱ्हा हे शब्द त्यात वाचवत नाहीत. टंकतानाही हा र वेगळा आहे. ‘ऱ’ला हलन्त देऊन पुढचं अक्षर लिहायचं. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ उमटतो. साधा र घेतला तर रफारच येणार आणि आचाऱ्यांचे आचार्य होणार.

मग ल आणि श बघा. मराठी डोळ्याला पाकळ्यांचा ल आणि देठाचा श सवयीचा. अनेक फॉन्टमध्ये दोन्ही रूपं साठवलेली असतात, पण सुरुवातीला हिंदी वळणाचं दिसतं. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली की, फॉन्टमध्ये सोय असेल तर, मराठी रूप आपोआप येतं. शेवटी आकडे, विशेषतः ५ आणि ८. मुहूर्त आणि तारीख चुकीची वाचली गेली तर फॉन्ट कितीही सुंदर असून काय उपयोग.

इंग्रजी नाजूक फॉन्टसाठी कसोटी सोपी आहे. ग्रेट व्हाइब्ससारख्यात मोठ्या लिपीतलं पहिलं अक्षर आणि पुढची छोटी अक्षरं, एवढंच लिहा. पूर्ण नाव मोठ्या लिपीत कधीही लिहू नका. ती अक्षरं एकेकटी सुरुवातीला यायला घडवलेली असतात. ओळीने लावली की वेलींच्या जाळ्यात नाव हरवतं. आणि त्यात देवनागरी नसतेच. निवडून मराठी टंकलं तर संगणक गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो आणि आपल्याला वाटतं, हा तर इतका काही नाजूक नाही.

पायरी ४: कुठले शब्द त्यात जातील ते ठरवा

माझं मत ठाम आहे: एका पत्रिकेत नाजूक फॉन्ट जास्तीत जास्त दोन ठिकाणी. वधूवरांची नावं, आणि फार तर ‘सस्नेह निमंत्रण’. बस. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ‘आहेर आणू नये’पर्यंतचा बाकी सगळा मजकूर स्थिर, उभ्या, वाचायला सोप्या फॉन्टमध्ये. पत्ता, वेळ, फोन नंबर, लेबलवरचे घटक पदार्थ आणि वापरायची मुदत, क्यूआर कोडखालची ओळ, यांना नाजूक अक्षराचा स्पर्शही नको. त्या ओळी लोक चष्मा शोधत, रिक्षात बसून, घाईत वाचतात.

जोडीला फॉन्ट निवडताना दोघांमध्ये स्पष्ट फरक हवा. कललेल्या कलमशेजारी आणखी एक हस्ताक्षरी फॉन्ट ठेवला तर दोघंही भांडल्यासारखे दिसतात. मी दोन जोड्या वापरते. अमितासोबत टिरो देवनागरी मराठी. तो छापील पुस्तकाच्या वळणाचा आहे आणि मराठीसाठीच वेगळा काढलेला, त्यामुळे ल-श चा प्रश्नच येत नाही. कलम किंवा तिल्लानासोबत मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा मुक्ता. त्याची सात वजनं आहेत, म्हणजे नाव-पत्ता-वेळ असा दर्जा वजनानेच दाखवता येतो, वेगळा फॉन्ट लागत नाही.

आकाराचा अंदाज हवा तर, ५ बाय ७ इंचांच्या पत्रिकेत मी नावं ३० ते ३६ पॉइंट आणि मजकूर ११ किंवा १२ पॉइंट ठेवते. नाजूक अक्षर तेवढ्याच पॉइंटमध्ये ठाशीव अक्षराहून लहान आणि फिकट भासतं. म्हणून नाव वाटतं त्याहून एक पायरी मोठंच असू द्या आणि त्याच्या चारही बाजूंना मोकळा कागद ठेवा. वेलबुट्टी, गणपती, मोराची पिसं, कलश असं सगळं नावाला चिकटवलं की बारीक रेघ त्या नक्षीचाच भाग वाटू लागते. एक गणपती वर, नाव मधे, बाकी कागद कोरा. घरच्यांना आधी रिकामं वाटतं. छापून आलं की पटतं.

पायरी ५: बसवणी

अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा. इंग्रजी ठळक अक्षरांत अंतर वाढवून रुबाब आणतात, ती सवय इथे घातक आहे. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि ‘पूर्वा’ची दोन सुटी अक्षरं होतात. जोडलेल्या इंग्रजी अक्षरांतही तेच, हात सुटतात. जागा भरायची असेल तर आकार वाढवा.

दोन ओळींमधलं अंतर मात्र सढळ हाताने द्या. आपल्याकडे अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार. हस्ताक्षरी फॉन्टमध्ये हे सगळे हातपाय जास्तच पसरलेले असतात. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला लागला की दोन्ही शब्द बिघडतात. अक्षराच्या आकाराच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतर ठेवून बघा.

बोल्डचं बटण दाबण्याआधी त्या फॉन्टला खरंच बोल्ड आहे का बघा. नसेल तर संगणक रेघेला सगळीकडून सारखी सूज आणतो. बारीक भाग जाड होतो, जाड भाग आणखी जाड, आणि ज्या फरकामुळे वळण नाजूक दिसत होतं तोच जातो. सावली, चमक, बाह्यरेषा यांचंही तसंच. या जातीच्या अक्षराला एक सपाट रंग पुरतो.

सॉफ्टवेअरमध्ये एक ठरलेली अडचण येते: ‘निमंत्रण’ची वेलांटी न च्या नंतर जाऊन बसते, जोडाक्षरं हलन्तासकट सुटी पडतात. दोष फॉन्टचा नसतो. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात भारतीय लिप्यांना चालणारा पर्याय निवडावा लागतो, इलस्ट्रेटरमध्ये तिथेच इंडिक पर्याय चालू करावा लागतो. तेवढं केलं की वेलांटी जागेवर येते.

पायरी ६: छपाईला जाण्याआधी रफार मोजा

पूर्वाच्या पत्रिकेनंतर मी हे एकदाही चुकवलेलं नाही. नाव खऱ्या आकारात ठेवायचं, त्यातली सगळ्यात बारीक रेघ शोधायची आणि मिलिमीटरमध्ये मोजायची. देवनागरीत ही रेघ बहुतेक वेळा रफाराची शेपटी, वेलांटीचं टोक किंवा अर्ध्या र चा आकडा असते. इंग्रजीत ती दोन अक्षरांना जोडणारा दुवा असते.

माझे ठोकताळे असे. गुळगुळीत कागदावर साध्या ऑफसेट छपाईत ०.२ मिलिमीटरपर्यंतची रेघ निभावते. गडद रंगावर पांढरी किंवा फिकट अक्षरं असतील तर ०.३ च्या खाली जाऊ नका, कारण आजूबाजूची शाई पसरून रेघ खाते. स्क्रीन प्रिंटिंग आणि फॉइलला ०.४ तरी हवी. फॉइलमध्ये उलटाही धोका असतो: ‘भ’, ‘ध’, ‘श्री’ यांच्या आतली लहान पोकळी भरून जाते. रेघेइतकीच मोकळी जागाही मोजा. हातकागदावर किंवा खडबडीत पोताच्या कागदावर यापेक्षाही जाड घ्या. धाग्यांच्या चढउतारात बारीक रेघ तुटक येते.

रेघ बारीक पडत असेल तर तीन मार्ग आहेत. आकार वाढवा. त्याच फॉन्टचं पुढचं वजन घ्या. किंवा अक्षराचे कर्व्ह करून, म्हणजे टंकलेल्या अक्षराचं नुसत्या आकारात रूपांतर करून, नुसती कमी पडणारी जागा, म्हणजे रफार किंवा वेलांटीचं टोक, हाताने थोडी भरा. तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो. बघणाऱ्याला कळत नाही आणि वळण टिकतं.

रंगाचंही बघा. बारीक अक्षर चार शाया मिसळून केलेल्या रंगात देऊ नका. चार छाप एकमेकांवर केसभर सरकले की अक्षराच्या कडेला निळी-गुलाबी झाक दिसते. काळं असेल तर फक्त काळी शाई. मरून किंवा सोनेरी हवं असेल तर छापखान्याला ती एकच खास शाई वापरायला सांगा. फिकट गुलाबी कागदावर सोनेरी नाव फोटोत फार छान दिसतं, पण हॉलच्या पिवळ्या दिव्यात ते कागदात मिसळून जातं. सोनं हवंच असेल तर कागद गडद घ्या किंवा निदान हस्तिदंती.

फाइल देताना सगळी अक्षरं कर्व्ह करा. कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ. नाहीतर छापखान्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसतो आणि तुमच्या अमिताच्या जागी भलतंच काही छापलं जातं. कर्व्ह करण्याआधीची फाइल वेगळ्या नावाने ठेवून द्या, कारण तारीख बदलतेच.

पायरी ७: पाटी, कापीव अक्षरं आणि फोन

दाराच्या पाटीसाठी ॲक्रिलिक किंवा लाकडात नाव कापून घेताना देवनागरी एक मोठी मदत करते: शिरोरेषा सगळ्या अक्षरांना एकत्र धरून ठेवते. इंग्रजी सुटी अक्षरं एकेक चिकटवावी लागतात, आपलं नाव एका तुकड्यात निघतं. पण अनुस्वार सुटा असतो. ‘आनंदी’चा टिंब कापल्यावर मशिनच्या जाळीतून खाली पडतो. त्याला बारीक दांड्याने शिरोरेषेला जोडा किंवा वेगळा चिकटवायचा आहे हे कारागिराला आधी सांगा. दुसरं, फॉन्टमध्ये शेजारची अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर थोडी चढलेली असतात. पडद्यावर ते दिसत नाही. कर्व्ह केल्यावर सगळी अक्षरं वेल्ड करून एक आकार केला नाही तर लेझर प्रत्येक सांध्यावर काप घेतो आणि पाटी तुकड्यांत हातात येते. स्टिकरसाठी व्हिनाइल कापतानाही हेच. रेघ इथे २ मिलिमीटरच्या खाली ठेवू नका, ॲक्रिलिक पुसताना मोडतं.

दुकानाच्या फलकासाठी नाजूक फॉन्ट मी सहसा नाकारते. दहा फुटांवरून वाचायला सुमारे एक इंच उंचीचं अक्षर लागतं असा पाटीवाल्यांचा ठोकताळा आहे, आणि तो साध्या ठाशीव अक्षराचा. बारीक अक्षराला दुप्पट धरा. रस्त्यापलीकडून नाव वाचलं जायचं असेल तर फलक ठाशीव ठेवा आणि नाजूक नाव आतल्या भिंतीवर, पिशवीवर, बिलाच्या वर घ्या.

फोनसाठी आमंत्रण वेगळं बनवा. छापील पत्रिकेचा फोटो पाठवला तर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि सगळ्यात आधी बारीक रेघाच पुसट होतात. १०८० पिक्सेल रुंदीच्या चित्रात सगळ्यात बारीक रेघ निदान ३ पिक्सेलची असू द्या, आणि पार्श्वभूमी सपाट. फुलांच्या फोटोवर बारीक अक्षर टिकत नाही. पत्ता चित्रात द्याच, पण खाली साधा मजकूर म्हणूनही लिहा, म्हणजे लोकांना तो उचलून नकाशात टाकता येतो. पूर्ण स्पष्टता हवी असेल तर चित्र फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पायरी ८: प्रूफ

प्रूफ पडद्यावर मान्य करू नका. साध्या घरच्या प्रिंटरवर का होईना, खऱ्या आकारात, शंभर टक्क्यांवर छापून घ्या. कागद हाताच्या अंतरावर धरून वाचा. मग तो घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या हातात द्या, मजकूर काय आहे ते न सांगता मोठ्याने वाचायला सांगा, आणि ते कुठे अडखळतात ते बघा. माझ्याकडे हे काम आजी करते. ती जिथे थांबते तिथे मी पेन्सिलने खूण करते. खुणा बहुतेक रफारावर, जोडाक्षरावर किंवा तारखेवरच पडतात.

फॉइल असेल तर त्याच कागदावर, त्याच डायचा (फॉइल दाबायच्या साच्याचा) एक ठसा मागून घ्या. साध्या शाईच्या प्रूफवरून फॉइलचा काहीच अंदाज येत नाही, हे आम्हाला चारशे पत्रिका देऊन कळलं. छापखाने एका ठशाला कुरकुरतात, थोडे पैसे मागतात, द्या. ठसा आला की उजेडात तिरका धरून प्रत्येक अक्षराच्या वरचा भाग बघा. मग प्रूफच्या मागे पेनने लिहा: रफार, अनुस्वार, वेलांट्या तपासल्या, तारीख अमुक. सही करा आणि तो कागद छापखान्यात ठेवून त्याचा फोटो स्वतःकडे ठेवा.